दुसऱ्या गोदूची दृष्ट

गोदूनं तिसरं थालीपीठ मागितलं तेव्हा ईश्वरी आधी उठली आणि तिनं खिडकी ओढून घेतली.

समोर खैरनार काकूंची गॅलरी होती. काकू मनाच्या लाख चांगल्या, पण तोंडाला लगाम म्हणून नव्हता. "अगं बाई, किती छान जेवते पोर!" एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या, तरी ईश्वरीचा जीव पुढचे आठ दिवस टांगणीला लागला असता. म्हणून खिडकी बंद. मग तिसरं थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा, आणि ताटावर वाकलेली गोदूची मान.

"आई, बंद का केलीस? उकडतंय."

"धूळ येते. खा तू."

गोदू म्हणजे गोदावरी, वय वर्षं सहा. आज्यापणज्यांची नावं पुन्हा फॅशनमध्ये आली त्या पिढीतली. तिच्या वर्गात दोन यमुना, एक द्वारका आणि एक चक्क भागीरथी होती. ईश्वरी आणि सोहम असल्या कोवळ्या नावांची माणसं आता आईबाप होऊन गुडघ्यांची तक्रार करायला लागली होती.

जेवण उरकलं आणि रोजच्यासारखा भिंतीवरच्या छोट्या पडद्यातून हॉस्पिटलचा गोड आवाज आला, "नमस्कार. आज गोदू कशी आहे?"

ईश्वरीनं लेकीला हात धुवायला पिटाळलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आहे आपली. ठीक."

"जेवण?"

"अर्धं थालीपीठ. तेही कसंबसं."

"खेळणं?"

"थोडंफार. लगेच दमते."

"झोप?"

"मधूनमधून जाग येते."

"धन्यवाद. नोंद केली."

तिकडे बेसिनपाशी दमलेली गोदू नळाला बोट लावून भिंतीवर कारंजी उडवत होती आणि वर बेंबीच्या देठापासून गात होती. सोहमनं बायकोकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. या विषयावर बोलणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

हा आवाज ज्याच्यासाठी माहिती गोळा करायचा त्याचं हॉस्पिटलातलं नाव होतं प्रतिरूप. वॉर्डातले आईबाप त्याला सरळ 'जुळं' म्हणायचे.

गोदूला झाला होता रक्ताचा कॅन्सर. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथे एखादी पेशी बिघडते, स्वतःसारख्याच पेशी काढत सुटते, आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. औषधं या बिघडलेल्या पेशींना मारतात, पण जाता जाता चांगल्यांनाही झोडपून काढतात. किती झोडपायचं हा पूर्वी डॉक्टरांच्या अनुभवाचा आणि थोडा नशिबाचा मामला होता. सारख्या वजनाच्या दोन मुलांना एकच गोळी दिली तर एकाला ती पुरायची नाही आणि दुसऱ्याचं यकृत सुजायचं.

जुळ्यानं हा अंदाज संपवला. मुलाची जनुकं, मज्जेचे नमुने, रक्ताचे सगळे रिपोर्ट, त्याचं यकृत औषध किती वेगानं मोडतं ते, असं सगळं घेऊन संगणकात त्या मुलाची दुसरी आवृत्ती उभी करायची. प्रत्येक औषध आधी तिला द्यायचं. बाहेरचा आठवडा आत काही सेकंदांत सरायचा. आतल्या मुलाला ताप भरला की बाहेरच्या मुलाचा डोस आधीच कमी व्हायचा. कित्येक मुलं त्यामुळे वाचली होती, आणि त्यांत गोदूही होती.

पण रक्त सगळंच सांगत नाही. हा आजार कधीकधी मणक्यातल्या पाण्यात दडून बसतो. तिथे रक्ताची तपासणी पोचत नाही, आणि त्याची पहिली खूण म्हणजे मूल जेवेनासं होतं, मरगळतं, नीट झोपत नाही. यासाठी मुलांच्या मनगटावर पट्टे बांधून पाहिले, तर औषधांनी हळवी झालेली कातडी सोलवटून निघाली. शेवटी ठरलं की घरच्यांनाच रोज विचारायचं. पोराकडे आईइतकं बारीक लक्ष कुणाचं असणार? बनवणाऱ्यांनी गणित बरोबर मांडलं होतं. आपल्याकडच्या आया बोलतात कशा, एवढं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ईश्वरी काही अडाणी नव्हती. नाशिकच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या सहकाऱ्यांची यथेच्छ टिंगल करायची. पण गोदूच्या आजारपणात एक दिवस असा आला होता. उपचारांचा पहिला महिना संपला होता आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मज्जेत आजाराचा मागमूस नाही." ईश्वरीनं पेढे आणले. सगळ्या बिल्डिंगला वाटले. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'गोदू एकदम मस्त!!' आणि त्याच संध्याकाळी गोदू हुडहुडी भरून थडथड उडायला लागली. जंतुसंसर्ग. मग आयसीयूच्या काचेबाहेर काढलेले ते दिवस, ज्यांच्याबद्दल नवराबायको आजही एकमेकांशी बोलत नसत.

संसर्ग पेढ्यांमुळे झाला नव्हता. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या, तो होणारच होता. हे ईश्वरीला फळ्यावर आलेख काढून पटवून देता आलं असतं. तरी त्या दिवसापासून 'छान' हा शब्द तिच्या जिभेवर चढेना. कुणी विचारलं तर 'आहे आपली', 'चाललंय', 'बरंच म्हणायचं'. जगाला सांगायचं ते यंत्रालाही. यंत्राची दृष्ट लागत नसेल, पण ते कुणाकुणाला सांगतं याचा काय भरवसा?

गोदूचं मात्र जुळ्याशी सख्य होतं. ती त्याला दुसरी गोदू म्हणायची. हॉस्पिटलात गेली की पडद्यावरच्या मुलीच्या आकृतीला हात हलवायची. "ती आधी औषध घेते ना, म्हणून मला कमी कडू लागतं," असं तिचं स्वतःचं शास्त्र होतं.

आता औषधांचा शेवट जवळ आला होता. दोन वर्षं रोज घेतलेल्या गोळ्या या महिन्याअखेर बंद व्हायच्या होत्या. गोदूनं शेवटच्या गोळीपेक्षा द्राक्षांची वाट जास्त पाहिली होती. सोहम द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. दिवसभर परदेशी जाणाऱ्या पेट्या तपासायचा आणि घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचा. कच्च्या फळाच्या सालीवरचे जंतू गोदूला झेपणारे नव्हते, म्हणून नाशिकमधल्या त्या एका घरात दोन हंगाम द्राक्षाचा मणी आला नव्हता. बंदी उठली की पहिला घड तुझा, असं बापानं कबूल केलं होतं.

ईश्वरीला मात्र त्या शेवटच्या गोळीची धास्ती होती. औषध जिवावर उठायचं हे खरं, पण पहाऱ्यालाही तेच उभं होतं. ते काढून घेतल्यावर पोरीच्या आणि आजाराच्या मध्ये कोण? हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

थांबवण्याआधी एक शेवटची चाचणी असायची. दुसऱ्या गोदूची औषधं बंद करायची आणि तिला पाच वर्षं पुढे जगू द्यायचं. आतली पाच वर्षं बाहेर तासाभरात व्हायची. ती नीट मोठी झाली तर बाहेरची गोदू सुटली.

ठरलेल्या सकाळी तिघं डॉ. रुबिना तांबोळींच्या खोलीत जाऊन बसले. डॉक्टर बोलायला फटकळ, पण मुलांच्या प्रश्नांना कधी कंटाळायच्या नाहीत. आज त्या आल्या त्या गोदूच्या गालाला हात न लावताच खुर्चीत बसल्या.

"मला हे आवडलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "औषध थांबवलं की पहिल्याच वर्षात आजार परत येतोय."

पडद्यावरची आकृती लाल झाली होती.

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत, म्हणून मी पुन्हा चालवून पाहिलं. तेच येतंय. म्हणजे कुठेतरी दडलेला असणार. उद्या पाठीतून पाणी काढू, मज्जेचाही तुकडा घेऊ. गोळ्या चालू ठेवायच्या. आणि बरोबर एक जोरकस औषध सुरू करावं लागेल. केस पुन्हा जातील, त्याची तयारी ठेवा."

गोदू कोपऱ्यातल्या सतरंजीवर ठोकळ्यांचा पूल बांधत होती. तिच्या डोक्यावर आता दाट, आखूड केस होते. गेल्याच आठवड्यात तिनं पहिली क्लिप लावली होती, लाल भोपळ्याची.

ईश्वरीनं त्या क्लिपकडे पाहिलं. आणि मग, पुढे कित्येक दिवस तिला ज्याची लाज वाटली ते झालं. आत कुठेतरी थोडं हायसं वाटलं. औषध चालू राहणार. पहारा उठणार नाही.

"पण कशावरून?" सोहमनं कसंबसं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. "दोन वर्षांपासून भूक घटत गेलीय. खेळणं कमी. लगेच दमते. झोप तुटक. रक्त चांगलं आणि मूल असं, म्हणजे आजार लपलाय, असा प्रतिरूपाचा निष्कर्ष आहे. आणि माझाही तोच असता. वजन वाढलंय, पण ती स्टेरॉइडची सूज म्हणून त्यानं धरलीच नाही."

सोहम हळूहळू बायकोकडे वळला. ईश्वरी मांडीवरच्या पर्सचा बंद पिळत होती. तिला सगळं कळलं होतं. बोलायचं तर तोंड उघडून, भर खोलीत, परक्या माणसासमोर म्हणायला हवं होतं की माझी मुलगी चांगली आहे. मागच्या वेळी म्हटलं होतं, त्याच संध्याकाळी काय झालं? आणि न बोललं तर? तर औषधच चालू राहील. जास्तीच्या औषधानं कुणी दगावत नाही, असं ती स्वतःला सांगायला लागली आणि हेही खोटं आहे हे तिला त्याच क्षणी माहीत होतं.

तेवढ्यात गोदू पूल सोडून पडद्यापाशी आली. "ही लाल का झाली?"

"तिला बरं नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

"का?"

"ती नीट जेवत नाही. खेळत नाही. झोपत नाही."

गोदूनं विचार केला. "मी तर जेवते. मग तिला जेवायला कोण देतं?"

"तुझी आई रोज सांगते ना, ते तिला मिळतं."

गोदू वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आई, तू तिला अर्धंच थालीपीठ दिलंस?"

नळाच्या आवाजातही पोरीनं सगळं ऐकलेलं होतं. आणि एकदा नाही, रोज ऐकलं असणार.

"तिनं तीन खाल्ली," ईश्वरी म्हणाली.

"काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"तीन थालीपिठं खाल्ली. लोणी लावून." प्रत्येक वाक्यानंतर ईश्वरी मनातल्या मनात थू-थू करत होती. "ती रोज पोटभर जेवते. पार्किंगमध्ये सायकल दामटते, वर येत नाही हाका मारून. झोपली की ढोल वाजवले तरी उठत नाही. ती चांगली आहे, डॉक्टर. खूप चांगली आहे. मीच रोज खोटं सांगत आले."

"कधीपासून?"

"आयसीयूपासून. दृष्ट लागेल म्हणून." एवढं बोलून तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं आणि ती रडायला लागली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ईश्वरी, मी उद्या या पोरीच्या पाठीत सुई घालणार होते. तिला नको असलेलं विष देणार होते." त्या खरोखर संतापल्या होत्या. उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "मी एमडी झाले तेव्हा माझी अम्मी गल्लीत सांगत फिरायची, काही खरं नाही हो, जेमतेम पास झालीय. माझं सुवर्णपदक तिनं पिठाच्या डब्यात लपवलं होतं."

ईश्वरी रडता रडता हसली. मग पुन्हा रडली.

"आणि मीही शहाणी! वजन वाढलेलं दिसत होतं. पोर समोर उड्या मारत होती. आणि मी पडद्यावर विश्वास ठेवला." डॉक्टरांनी दाराबाहेर पाहिलं. "या वॉर्डात तुमच्यासारख्या अजून किती जणी असतील? हे ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे कसं आहे विचारलं की 'मस्त' म्हणतात. आपल्याकडे 'चाललंय' म्हणतात. प्रश्नच बदलायला हवा."

"मग आता खरं सांगते ना मी. ते घ्या."

"तुम्ही आज खरं सांगताय आणि काल खोटं सांगत होतात, हे त्यानं कशावरून मानायचं?"

यावर सोहमनं खिशातून फोन काढला.

त्याच्यात व्हिडिओ होते, ढिगानं. रचलेल्या उशांवरून उड्या मारणारी गोदू. आत्याच्या हळदीत कमरेवर हात ठेवून नाचणारी गोदू. आमरसाची वाटी चाटून नाकाला पिवळी झालेली गोदू. बापाच्या तोंडावर पाय टाकून घोरणारी गोदू.

"हे कधीचं?" ईश्वरीनं विचारलं.

"तू कॉलेजात असायचीस तेव्हाचं. आणि काही तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हाचं."

"मला का नाही दाखवलंस?"

"तू खिडक्या लावून घेतल्या असत्यास," सोहम म्हणाला. "मलाही कुणाला तरी दाखवायचं होतं गं. कुणालाच पाठवला नाही एकही."

ईश्वरीनं फोन हातात घेतला आणि सुरुवातीपासून बघायला लागली. स्वतःच्याच लेकीची दोन वर्षं ती पहिल्यांदा पाहत होती. इतके दिवस ती पोरीच्या ताटाकडे, जिभेकडे, कपाळाकडे बघत होती. ही नाचणारी मुलगी तिच्या नजरेतून निसटलीच होती.

व्हिडिओ यंत्रात गेले. यंत्रानं चाल मोजली, उड्या मोजल्या, श्वास मोजला, गालांची गोलाई पारखली. मग डॉक्टरांनी ईश्वरीला समोर बसवून दोन्ही वर्षं पुन्हा सांगायला लावली. सुरुवातीला तिची जीभ अडखळत होती. 'ठीक' म्हणायची आणि थांबून 'छान' करायची. अर्ध्या तासानं मात्र ती अशी सुटली की सोहमला मध्ये पडून सांगावं लागलं, की दिवाळीत गोदूनं खाल्लेल्या करंज्यांचा आकडा जरा फुगतोय.

मग पुन्हा औषधं बंद करून दुसऱ्या गोदूला पुढे सोडलं. तिघं कँटीनमध्ये जाऊन बसले. गोदूनं इडली मागितली, ती संपवली, दुसरी मागितली. शेजारच्या टेबलावरची बाई कौतुकानं बघत होती. ईश्वरीनं सवयीनं ताटलीवर हात आडवा धरला, आणि मग आपलाच हात उचलून मांडीवर ठेवला. सोहमचा चहा तसाच थंड होऊन गेला.

डॉक्टर स्वतःच जिना उतरून आल्या. त्यांचा चेहरा बघून सोहम उभा राहिला.

"पाच वर्षं झाली," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरी गोदू अकरा वर्षांची झालीय. तिला काहीही झालेलं नाही. दर महिन्याला रक्त तपासू, शंका आली तर पुढचं बघू. शंभर टक्के खात्री मी कधीच देत नाही, आजही देणार नाही. पण थांबवा औषध. या महिन्याअखेर बंद."

"सुई?" गोदूनं विचारलं.

"सुई नाही."

"आणि द्राक्षं?"

"शेवटच्या गोळीनंतर रक्त बघते, मग खा. नीट धुऊन. आणि बापाकडून पैसे न देता घे."

सोहम तिथेच, कँटीनच्या खुर्च्यांमध्ये, लेकीला कडेवर घेऊन रडला. ईश्वरीनं डॉक्टरांचे हात घट्ट धरले.

महिना संपला, शेवटची गोळी झाली, आणखी काही आठवड्यांनी रक्तही मनासारखं आलं. त्या संध्याकाळी सोहमनं हिरव्या द्राक्षांचा घड आणला. तीनदा धुतला. गोदूनं पहिला मणी तोंडात टाकून डोळे मिटले आणि बराच वेळ चावलाच नाही. मग एकदम फोडला आणि रस हनुवटीवरून फ्रॉकवर गेला.

समोरच्या गॅलरीत खैरनार काकू कपडे काढत होत्या. ईश्वरी उठली, आणि अर्धवट लोटलेली खिडकी तिनं पुरती उघडली.

"काय गं ईश्वरी, कशी आहे पोर?" काकूंनी लगेच विचारलं.

ईश्वरीच्या घशाशी 'आहे आपली' आलं होतं. ते तिनं गिळलं. "छान आहे, काकू. औषध संपलं. आता अगदी ठणठणीत आहे!"

काकूंच्या हातातली चादर खाली पार्किंगमध्ये गेली. "अगं बाई माझी!" एवढंच त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत पळाल्या, बहुतेक काहीतरी गोडधोड शोधायला.

बोलून तर झालं. खिडकीला पाठ लावून ईश्वरी उभी राहिली. मग तिनं डब्यातून मूठभर मीठ घेतलं, चिमूटभर मोहरी घेतली आणि लेकीला पाटावर बसवलं. भौतिकशास्त्र आपल्या जागी आणि हे आपल्या जागी. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची म्हणत तिनं मूठ तीनदा ओवाळली. घरात निखारा कुठला, सगळी शेगडी विजेची. तिनं मूठ नळाखाली धरून सोडून दिली.

"आता तिची काढ," गोदू म्हणाली.

"कुणाची?"

"दुसऱ्या गोदूची. ती पण बरी झाली ना? तिला नाही का लागणार?"

तेवढ्यात पडद्यातून गोड आवाज आलाच. "नमस्कार. आज गोदू काय जेवली, किती खेळली, ते मोकळेपणानं सांगा."

प्रश्न बदलला होता. ईश्वरीनं पुन्हा मीठ घेतलं, मोहरी घेतली आणि पडद्यासमोर उभी राहून मूठ फिरवायला लागली. आवाज थोडा घुटमळला.

"मीठ आणि मोहरी. नोंद करते. तोंडावाटे दिलं का?"

"नाही गं बाई," ईश्वरी म्हणाली, "वरून ओवाळलं." आणि तिला असं हसू फुटलं की मुठीतली मोहरी घरभर उधळली. सोहम हसत हसत जमिनीवर बसला. उघड्या खिडकीतून काकू शिऱ्याची वाटी दाखवत हाका मारत होत्या, आणि गोदू दोन्ही गाल भरून पडद्याला सांगत होती की घड संपला, आता दुसरा हवा.